पूर्वपुण्याई किती दिवस पुरणार?

एक चित्रपट चालला की त्याचा दुसरा भाग काढावा, दुसरा चालला की तिसऱ्याची घोषणा करावी, ही रीत आपल्या चित्रपटव्यवसायात आता इतकी रुळली आहे की तिच्याविषयी कोणाला नवल वाटेनासे झाले आहे. २०२४ साली जगभर सर्वाधिक गल्ला जमविणारे पहिले चारही चित्रपट कोणत्या ना कोणत्या जुन्या चित्रपटाचे उत्तरभाग होते. त्याच वर्षी हिंदी पडद्यावर 'पुष्पा २' आणि 'स्त्री २' यांनी बाकी सर्वांना मागे टाकले. मराठीतही 'धर्मवीर'चा दुसरा भाग आला, आणि २००४ सालच्या 'नवरा माझा नवसाचा' या चित्रपटाचा दुसरा भाग तब्बल वीस वर्षांनी अवतरला. हा विषय करमणुकीच्या पानावर ढकलून देण्याजोगा आहे, असे काहींना वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. मराठी चित्रपटाला आपल्याच राज्यात संध्याकाळचा खेळ मिळावा की नाही, नव्या लेखकाला आणि नव्या दिग्दर्शकाला पाऊल ठेवायला जागा उरावी की नाही, हा प्रश्न या रीतीशी जोडलेला आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. उत्तरभाग काढणे हे काही पाप नव्हे. भवभूतीने 'महावीरचरित' लिहिल्यानंतर 'उत्तररामचरित' लिहिले आणि रसिकांनी दुसऱ्यालाच अधिक मान दिला. दादासाहेब फाळक्यांनी १९१८ साली 'श्रीकृष्णजन्म' काढला आणि पुढल्याच वर्षी 'कालिया मर्दन'. दोहोंतला देव एकच होता. मास्टर विनायकांनी चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ १९४० साली 'लग्न पाहावं करून'मध्ये पडद्यावर आणले आणि १९४२ साली 'सरकारी पाहुणे'मध्ये त्यांना पुन्हा भेटीस आणले. होमी वाडियांच्या 'हंटरवाली'ने १९३५ साली मुंबई गाजविली. पुढे त्यांनी स्वतंत्र संस्था काढली, तेव्हा तिच्या आरंभीच्या चित्रपटांतच, १९४३ साली, 'हंटरवाली की बेटी' आली. नव्या दुकानावर जुन्या पेढीचे नाव लावण्याची ही युक्ती आजची नव्हे.

दादा कोंडक्यांनी तर याहून चतुर मार्ग काढला होता. 'सोंगाड्या' १९७१ साली लागला. त्यामागून 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार' असे एकामागून एक चित्रपट आले. त्यांपैकी एकावरही दोन-तीन असा आकडा नव्हता. कथा दर वेळी निराळी असे. परंतु नायकाचा भोळेपणा तोच, द्व्यर्थी बोलणे तेच, लोंबती नाडी तीच. प्रेक्षक ओळखीच्या माणसाला भेटायला जात असे आणि त्याला दर वेळी नवी गोष्ट ऐकायला मिळत असे. ओळख जुनी असावी आणि गोष्ट नवी असावी, हा तो सौदा होता. आजच्या उत्तरभागांत या सौद्याची दुसरी बाजू पुष्कळदा पाळली जात नाही, हे आमच्या तक्रारीचे मूळ आहे.

मग उत्तरभागांचा हा सुकाळ का? त्याचे कारण कलेत शोधण्यापेक्षा हिशेबाच्या वहीत शोधावे. पूर्वी चित्रपटाचे यश आठवड्यांत मोजीत. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' १९३६ साली लागला आणि मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात सत्तावन्न आठवडे चालला. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव होई. आता चित्रपट एकाच शुक्रवारी शेकडो पडद्यांवर लागतो आणि पहिल्या तीन दिवसांत त्याचा निकाल लागतो. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सचालक यांच्यात संघर्ष होऊन नवे चित्रपट काही आठवडे अडले होते. त्यानंतर जी तडजोड झाली तिच्यात निर्मात्याच्या बाजूचा वाटा पहिल्या आठवड्यास ५० टक्के, दुसऱ्यास ४२.५, तिसऱ्यास ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा उतरता ठरला. म्हणजे प्रेक्षक जितका उशिरा येईल, तितका निर्मात्याच्या पदरी रुपया कमी. अशा व्यवस्थेत जो चित्रपट शुक्रवारीच गर्दी खेचील तोच शहाणा ठरतो. आणि ज्याचे नाव लोकांच्या तोंडी आधीपासून आहे त्याला ही गर्दी फुकट मिळते. आधीच्या चित्रपटाने मिळविलेली पत हेच उत्तरभागाचे भांडवल होय.

परंतु पत आणि कमाई या दोन गोष्टी भिन्न आहेत. पूर्वपुण्याई पहिल्या रविवारपर्यंत पुरते. सोमवारपासून ज्याच्या त्याच्या गुणांवर निभाव लागतो. मराठीचाच अनुभव पाहा. 'टाइमपास' २०१४ साली आला तेव्हा दगडू आणि प्राजक्ता यांच्या कोवळ्या प्रेमाने तरुण प्रेक्षकांस वेड लावले. दुसऱ्याच वर्षी दुसरा भाग आला आणि त्यालाही जोराची सुरुवात मिळाली. २०२२ साली तिसऱ्या भागाने कथा मागे नेऊन मधल्या वर्षांत पुन्हा घातली. पण पहिल्या दोहोंची मजल त्याला गाठता आली नाही. 'झपाटलेला'मधील तात्या विंचू १९९३ नंतर वीस वर्षांनी त्रिमितीत उठून बसला. बाहुला तोच होता, परंतु ज्याच्या घाबरलेल्या चेहऱ्याने त्या बाहुल्यात प्राण भरला होता ते लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच आपल्यातून गेले होते. तंत्राने ती उणीव कशी भरून निघावी?

उलट, जेथे काळानेच गोष्टीला पुढे नेले, तेथे उत्तरभाग शोभले. 'मुंबई-पुणे-मुंबई'च्या २०१० सालच्या पहिल्या भागात दोन अनोळखी माणसे पुण्यात एक दिवस हिंडली. २०१५ साली त्यांच्या लग्नाचा प्रश्न आला आणि २०१८ साली मुलाचा. प्रेक्षकही त्यांच्याबरोबर आठ वर्षांनी मोठा झाला होता. दिग्पाल लांजेकर यांनी २०१८ च्या 'फर्जंद'पासून 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार' अशी जी मालिका गुंफली, तिच्यातील प्रत्येक चित्रपट स्वतंत्र उभा राहतो. पन्हाळा न पाहिलेल्यालाही कोंढाणा कळतो. मागच्या चित्रपटाचे स्मरण ही तेथे प्रवेशाची अट नाही.

आता या साऱ्या चर्चेतील सर्वांत बोलकी गोष्ट सांगतो. २०२५ सालच्या अखेरपर्यंत मराठीत सर्वाधिक गल्ला जमविणारे म्हणून जी तीन नावे सर्वत्र घेतली जात, ती 'सैराट', 'बाईपण भारी देवा' आणि 'वेड' ही होत. यांत एकही उत्तरभाग नाही. 'वेड' हा तेलुगू 'मजिली'वरून बेतलेला होता, हे खरे. पण 'सैराट'ची नायक-नायिका २०१६ साली कोणाला ठाऊक होती? मध्यमवयीन सहा बहिणींची कथा २०२३ साली बायका घोळक्या-घोळक्याने पाहायला जातील, असे भाकीत किती जाणत्यांनी केले असते? २०२५ सालच्या 'दशावतार'नेही कोकणातल्या एका वृद्ध कलावंताच्या बळावर गर्दी खेचली. आकड्याची जोड असलेला चित्रपट बुडण्याचा धोका कमी करतो. पण मराठीला ज्यांनी आजवर उंच नेले, ते अनोळखी चित्रपट होते. जो धंदा केवळ धोका टाळीत राहील, त्याच्या वाट्याला असे यश येणार कोठून? उत्तरभागासाठी देखील आधी कोणीतरी पहिला भाग काढावा लागतोच, ही साधी गोष्ट विसरली जात आहे.

मीरा-भाईंदरच्या रहिवाशांना या प्रश्नाची झळ विशेष लागते. २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत आठ लाखांवर गेली होती. येथे उत्तन-डोंगरीचा कोळी आहे, मुंबईच्या चाळीतून उठून आलेला कारकून आहे, गुजराती-मारवाडी व्यापारी आहे, उत्तरेकडून आलेला कामगार आहे. अशा बहुभाषी शहरात चित्रपटगृहाचा चालक हिंदीचा आणि इंग्रजीचा उत्तरभाग संध्याकाळी लावतो आणि नव्या मराठी चित्रपटाच्या वाट्याला सकाळचा किंवा भर दुपारचा खेळ येतो, ही तक्रार जुनी आहे. चर्चगेटहून सुटलेला नोकरदार रात्री आठला भाईंदरच्या फलाटावर उतरतो. दुपारी साडेबाराचा खेळ त्याच्या काय कामाचा? मग खुर्च्या रिकाम्या राहतात, रिकाम्या खुर्च्या दाखवून सोमवारी खेळ कमी होतात, आणि मराठीला प्रेक्षक नाही असा शेरा मारला जातो. ज्याला आधीचे नाव आहे असाच मराठी चित्रपट या चक्रातून काहीसा सुटतो. २०२५ च्या जुलैत मराठीच्या प्रश्नावर या शहरात मोर्चे निघाले आणि साऱ्या देशाचे लक्ष इकडे वेधले गेले. त्या आवेशाचा थोडा अंश जर पहिल्या शनिवारच्या तिकिटांत उतरला, तर कोणावर हात न उगारता मराठीची अधिक सेवा घडेल.

राज्य शासनाची जबाबदारीही टळत नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये मल्टिप्लेक्सांनी मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवावा, असे शासनाने जाहीर केले. गदारोळ होताच ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. दुपारी बारा ही मोक्याची वेळ असेल, तर मग गैरसोयीची वेळ कोणती? १९७५ साली शासनाने करपरताव्याची जी योजना आणली, तिच्यात एका चित्रपटाचा कर निर्मात्याने पुढचा मराठी चित्रपट पुरा केल्यावर त्याला परत मिळे. त्या योजनेचे दोष पुष्कळांनी दाखविले आहेत. तथापि मराठी चित्रपट थांबू नये, ही तिच्यामागची दृष्टी आजही मोलाची आहे.

आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, आकड्यांच्या सत्यतेविषयी. 'अमुक कोटींचा टप्पा पार' ही फलके निर्माते स्वतःच लावतात. त्यांतली ढोबळ जमा किती, कर वजा जाता किती आणि निर्मात्याच्या हाती किती, हे सामान्य माणसाला कळत नाही. तिकिटावर जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागतो, म्हणजे प्रत्येक तिकिटाची नोंद कोठेतरी आहे. शासनाने प्रत्येक मराठी चित्रपटाची किती तिकिटे कोणत्या आठवड्यात विकली गेली, एवढेच प्रसिद्ध करावे. दुसऱ्या आठवड्याचा आकडा समोर आला की पूर्वपुण्याई कोणती आणि गुण कोणता, हे आपोआप उघड होईल. दुसरी, नव्या दिग्दर्शकाच्या पहिल्या मराठी चित्रपटास किमान दोन आठवडे संध्याकाळी सातनंतरचा एक खेळ राखून ठेवावा. तिसरी, आपल्या महानगरपालिकेसाठी. शहरात लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह उभे आहे; नाटके नसतील त्या संध्याकाळी तेथे माफक दरात नवे मराठी चित्रपट दाखविण्याची सोय करता येईल काय, याचा विचार नगरसेवकांनी करावा.

शेवटी प्रश्न प्रेक्षकाकडेच येतो. निर्माता शिळ्या कढीला ऊत आणतो, कारण ती खपते. ती वाईटच असते असे नाही. काही कढ्या दुसऱ्या दिवशी अधिक मुरतात. पण घरात रोज तीच रांधली जाऊ लागली, तर दोष एकट्या स्वयंपाक्याचा नसतो. वर्षातून निदान दोन वेळा तरी, ज्याचे नाव पूर्वी कानांवर आलेले नाही असा मराठी चित्रपट, पहिल्या आठवड्यात, तिकीट काढून पाहावा, एवढा नेम सुशिक्षित मराठी कुटुंबांनी केला, तर उद्याचा 'सैराट' रिकाम्या खुर्च्यांपुढे दुपारी साडेबाराला संपून जाणार नाही.