पहिला नंबर आणि मोठी बिदागी

दोन तास गाणी लावायचे कुणी लाखो रुपये घेतो म्हटलं की आपल्या पोटात दुखतं. पण आपण शिव्या घालतो त्या चुकीच्या जागी. माझं मत सरळ आहे : डीजेची बिदागी एकवेळ खरी असते, त्याचा रँक नाही.

म्हणजे बघा. बिदागी कशी ठरते? वर्षात शनिवार ५२. रेकॉर्ड केलेलं गाणं एकाच रात्री कितीही लोक ऐकू शकतात, माणूस मात्र एका वेळी एकाच शहरात वाजवणार. त्यात बऱ्याच करारांत अट असते की अमुक आठवडे आसपास कुठे वाजवायचं नाही. त्या हुकलेल्या रात्रींचीही किंमत लागते. एजंटचं कमिशन, विमान, हॉटेल वेगळंच. आणि आयोजक स्वतःचे पैसे लावतो. तिकिटं खपली नाहीत तर बुडतो तोच. त्यामुळे निदान तो आकडा विचार करून टाकतो.

आता रँक. 'डीजे मॅग'चा टॉप हंड्रेड लोकांच्या मतांवर ठरतो. १९९६ आणि १९९७ मध्ये तिथे कार्ल कॉक्स पहिला होता, २०२४ मध्ये मार्टिन गॅरिक्स. मत द्यायला काय लागतं? चार क्लिक. त्या डीजेला प्रत्यक्ष ऐकलेलं असायचीही गरज नाही. मग मोजलं काय जातं, तर कुणाची प्रचारयंत्रणा मोठी ते. गंमत म्हणजे 'फोर्ब्स'च्या यादीत २०१३ ते २०१८ सलग सहा वर्षं कमाईत अव्वल असलेला कॅल्विन हॅरिस इथे एकदाही पहिला आलेला नाही!

कुणी म्हणेल, मतदार जाणकार असले तर? तेही करून झालंय. टेक्नो-हाउसवाल्यांचं 'रेसिडेंट अ‍ॅडव्हायझर' वाचकांची मतं घ्यायचं. २०१३ ते २०१६ चारही वर्षं डिक्सन पहिला. २०१७ मध्ये त्यांनी हे मतदानच बंद केलं, कारण निकालांत या संगीतातलं वैविध्य दिसत नव्हतं. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय तरुणांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या संगीतात ही तक्रार किरकोळ नाही.

'असेना का यादी, आपलं काय जातं?' जातं ना. आयोजक आळशी झाला की नंबर बघून बुकिंग करतो आणि रँक गुपचूप बिदागीत शिरतो. मग बजेटचा मोठा हिस्सा एका नावावर जातो. रात्री ११ ला रिकाम्या फ्लोअरसमोर सुरुवात करणाऱ्या, दर आठवड्याला तोच क्लब सांभाळणाऱ्या रेसिडेंटला उरलंसुरलं. अप्रेझलच्या बेल कर्व्हमध्ये भरडलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. जो प्रॉडक्शन सर्व्हर पडू देत नाही, त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

२०१६ मध्ये बर्लिनच्या बर्गहाइन क्लबला १९ ऐवजी ७ टक्के कर लागेल, असा निकाल कोर्टाने दिला. मुद्दा होता की लोक तिथे मुख्यतः संगीत ऐकायला येतात का. कुणाचा रँक किती, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. कर खात्याच्या भांडणातून का होईना, प्रश्न बरोबर विचारला गेला.

असो. पुढच्या वेळी तिकीट काढलंत तर मोठ्या नावाची वाट बघत बाहेर टाइमपास करू नका. दार उघडल्या उघडल्या आत जा. पहिला जो वाजवतोय, त्याला ऐका आणि आवडला तर त्याचं नाव विचारून घ्या. माझ्या मते खरं मत तेच.