डाव्या अंगठ्याची नोंद

कोथरूडहून डेक्कनला मी रोज स्कूटरने जाते. गेल्या जूनमध्ये नळ स्टॉपच्या सिग्नलला पुढचे रिक्षावाले काका मागे वळून म्हणाले, “ताई, लालच आहे हो अजून.” मी हॉर्न वाजवला होता, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

त्या दिवसापासून मी मोजायला लागले. हॉर्न सोडायचा वगैरे संकल्प केला नाही. ऑफिसला पोचल्यावर छोट्या डायरीत फक्त आकडा लिहायचा. पहिल्या दिवशी २३. आठवडाभरात आणखी काही ध्यानात आलं. डावा अंगठा हलायच्या आधी माझे दात आवळलेले असतात आणि मनात एकच वाक्य असतं, ‘याला कळत कसं नाही?’ खरं तर उशीर घरातून निघतानाच झालेला असायचा.

आपण भडकतो ते घटनेपेक्षा तिच्याविषयीच्या आपल्या समजुतीमुळे, असं अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलं. कि. मो. फडके यांनी हा विवेकनिष्ठ विचार मराठीत रुजवला. मी तो वाचला होता, पटलाही होता. अंगी लागला तो स्वतःचे आवळलेले दात स्वतःला सापडले तेव्हा.

कायदे आहेतच. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा, न्यायालयांभोवतीच्या किमान १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल ठेवली. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्तीने विनाकारण हॉर्नला पहिल्या वेळी १,००० रुपये दंड लावला. दंड वसूल व्हायलाच हवा. पण त्याचा धाक पोलीस दिसेपर्यंतच टिकतो; सवय पुढच्या चौकात पुन्हा वर येते. तिथे पहारा आपला आपणच द्यायचा असतो.

हा पहारा घरापर्यंतही येतो. दहावीतला मुलगा मोबाइल घेऊन बसलेला दिसला, की तेच दात आवळतात, तेच वाक्य मनात येतं. आता ते ओळखू येतं. मग मी आधी पाणी पिते आणि नंतर बोलते. तोही आता उत्तर देतो, दार आपटत नाही.

पुणेकरांना माझी कळकळीची विनंती आहे. हॉर्न सोडायची शपथ घेऊ नका. आठ दिवस फक्त मोजा आणि खरा आकडा लिहा. माझ्या डायरीत काल ३ होता.