जुनी अल्टो, ई२० पेट्रोल आणि लुकलुकणारा ‘फ्युएल सेव्हर’

ती रील तुम्हीही पाहिली असेल. स्टीअरिंगखाली एक छोटासा प्लग लावला जातो, हिरवा दिवा लुकलुकतो आणि मागून आवाज येतो: गाडी कितीही जुनी असू द्या, अ‍ॅव्हरेज ३५ टक्के वाढणार! ऑगस्ट २०२५ मध्ये ई२० पेट्रोलवरून सोशल मीडियावर रान पेटलं, तेव्हापासून या जाहिरातींना ऊत आलाय. मला येणारे प्रश्नही एकाच साच्यातले असतात. “गाडी २०११ ची आहे, अ‍ॅव्हरेज पडलंय, काय बसवू?”

माझं उत्तर: काही बसवू नका, आधी मोजा. कारण अ‍ॅव्हरेज नेमकं किती पडलंय, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

इथेनॉलच्या नावावर नेमकं किती बिल फाडायचं?

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल. २० टक्क्यांचा एक तृतीयांश काढला की साडेसहा-सात टक्के येतात. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० च्या प्रत्येक लिटरमध्ये तेवढी ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट असा अंदाज होता, तो या गणिताशी जुळतो.

मग पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जुन्या गाड्यांसाठी ३ ते ६ टक्के का सांगितलं? यावर बरीच भांडणं झाली, पण तुलना कशाशी करायची हे कुणी विचारलंच नाही. आपण शुद्ध पेट्रोलवरून थेट ई२० वर आलेलो नाही. २०२२ च्या मध्यातच देशात सरासरी १० टक्के मिश्रण झालं होतं. ई१० वरून ई२० वर येताना ऊर्जा सुमारे साडेतीन टक्के घटते. तुमचं २०२३ चं अ‍ॅव्हरेज आणि आजचं अ‍ॅव्हरेज यात इथेनॉलमुळे पडणारा फरक साधारण एवढाच.

रुपयांत बघू. समजा गाडी १८ चं अ‍ॅव्हरेज देते, महिन्याला ८०० किलोमीटर चालते आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे. खर्च सुमारे ४,६२० रुपये. अ‍ॅव्हरेज ३ टक्के पडलं तर महिन्याला १४० रुपये जादा, ६ टक्के पडलं तर ३०० च्या आसपास. वर्षाला पावणेदोन ते साडेतीन हजार. दीड लाखात सेकंडहँड गाडी घेऊन नोकरीला जाणाऱ्या मुलासाठी ही रक्कम किरकोळ नाही. एका सर्व्हिसिंगचे पैसे झाले ते.

पण १८ चं अ‍ॅव्हरेज १४ वर आलं असेल, तर ती २२ टक्क्यांची घट आहे आणि एवढी घट इथेनॉल करू शकत नाही. गाडीत दुसरं काहीतरी बिघडलंय. माझा खरा मुद्दा इथेच आहे. ई२० मुळे होणारी घट कोणतंही यंत्र भरून देणार नाही, कारण ती ऊर्जा टाकीत आलेलीच नाही. उरलेली घट मात्र बहुतेक वेळा साध्या दुरुस्तीने परत मिळते. आणि आज ती सगळी ई२० च्या खात्यावर टाकून लोक गप्प बसतायत किंवा प्लग विकत घेतायत.

नव्या गाड्यांना हा फटका कमी का? इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो. इंजिनाचं ट्यूनिंग त्याला धरून केलं तर थोडी घट भरून निघते, म्हणून अशा गाड्यांसाठी १-२ टक्के सांगितले जातात. जुन्या ७९६ सीसी इंजिनाला हा फायदा उचलता येत नाही.

यात धोरणाचा प्रश्न आहेच. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये ई१० आणलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी सुपर ग्रेडमध्ये ई५ ठेवलं. ब्राझीलने ऑगस्ट २०२५ मध्ये ३० टक्क्यांपर्यंत मजल मारली, पण तिथे कितीही इथेनॉल पचवणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या दोन दशकांपासून रस्त्यावर आहेत. आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. ऊर्जा कमी तर दर कमी का नाही, या प्रश्नावर सरकारचं उत्तर असं की, इथेनॉल आता स्वस्त राहिलेलं नाही. जुलै २०२५ अखेर त्याची सरासरी खरेदी किंमत लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होती, म्हणजे करांआधीच्या पेट्रोलपेक्षा जास्त. आयात कमी होऊन दहा-अकरा वर्षांत १.४४ लाख कोटी रुपयांचं परकीय चलन वाचलं, असंही मंत्रालय सांगतं. हे सगळं मान्य केलं, तरी देशाच्या या बचतीचा हप्ता सर्वांत जुनी, सर्वांत स्वस्त गाडी चालवणारा जास्त भरतो आणि नव्या एसयूव्हीचा मालक कमी. मला हे पटत नाही. निदान पंपावर टक्केवारी ठळक लिहावी.

सारखे दिसणारे दोन प्लग

आता त्या रीलकडे. स्टीअरिंगखालचं १६ पिनचं सॉकेट म्हणजे ओबीडी पोर्ट. गाडीतला कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, तिथून आपली माहिती देतो. ‘फ्युएल सेव्हर’ म्हणे ईसीयूशी बोलतो, तुमची चालवण्याची सवय शिकतो आणि इंधन वाचवतो. अनेकांनी ही खोकी उघडून पाहिली आहेत. आत दिवे, दिवे लुकलुकवणारी चिप आणि जवळपास एवढंच. गाडीच्या नेटवर्कशी बोलायला लागणारा भागच नाही! जो ईसीयूशी बोलतच नाही, तो त्याला शिकवणार काय?

गंमत म्हणजे, ‘चिप शिकेपर्यंत दीडशे-दोनशे किलोमीटर चालवा’ अशी सूचना सोबत असते. पैसे मोजून वस्तू लावल्यावर माणूस आपोआप जपून चालवतो, एक डोळा अ‍ॅव्हरेजवर ठेवतो. मग अ‍ॅव्हरेज वाढतंच, आणि श्रेय हिरव्या दिव्याला जातं.

पेट्रोलच्या नळीवरचं चुंबक, पाण्यापासून हायड्रोजन बनवणारं किट, हवेला गिरकी देणारी पाती, हे सगळं याच घराण्यातलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, गेल्या काही दशकांत अशी शंभरावर उपकरणं तपासली. अ‍ॅव्हरेजमध्ये लक्षणीय वाढ करणारं एकही सापडलं नाही.

पण अगदी तसाच दिसणारा दुसरा एक प्लग मिळतो, त्याला ईएलएम३२७ अ‍ॅडॅप्टर म्हणतात. तो काहीही वाचवत नाही, फक्त ईसीयूची माहिती ब्लूटूथने फोनवर पाठवतो. टॉर्क किंवा कार स्कॅनर अशा अ‍ॅपवर ती वाचता येते. मी घ्यायला सांगेन तो हा. आयफोन असेल तर ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला बघून घ्या. आणि साधारण २०१० च्या आधीच्या गाड्यांवर तो चालेलच असं नाही, तेव्हा घेण्याआधी कुणाचा तरी मागून लावून बघा.

त्यात दोन आकडे बघायचे. पहिला, ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर धूर तपासतो आणि ईसीयू त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के जास्त द्यावं लागतंय, ते म्हणजे हा ट्रिम. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त. म्हणून ई२० वर जुन्या गाडीचा ट्रिम +४ ते +८ दिसला तर घाबरू नका. तो सतत +१५ च्या पुढे असेल तर कुठेतरी हवा गळतेय, फ्युएल पंप थकलाय किंवा सेन्सर खोटं बोलतोय. उलट उणे बाजूला खूप गेला, तर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय. बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर हा अ‍ॅव्हरेजचा मोठा चोर आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मते असा गंभीर दोष काढल्यावर अ‍ॅव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं.

दुसरा आकडा कूलंटच्या तापमानाचा. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर तो ८०-९० अंशांच्या आसपास स्थिरावायला हवा. ६०-६५ वरच घुटमळत असेल, तर कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकलाय. आपल्याकडे गाडी गरम झाली की काही मेकॅनिक थेट हाच ‘उपाय’ करतात. इंजिन कायम थंड राहतं, ईसीयूला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, आणि तो पेट्रोल ओतत राहतो. सेकंडहँड गाडीत हे पहिल्या दिवशी तपासा.

आणि इंजिनातच बदल केला तर?

वाढतं, खरंच वाढतं. पण काहीतरी देऊन.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या मारुती १००० च्याच घरातलं आहे. सुझुकीची जी कल्टस इथे मारुती १००० म्हणून आली, तिचीच छोटी बहीण अमेरिकेत जिओ मेट्रो नावाने विकली जायची, एक लिटरचं तीन सिलिंडर इंजिन घेऊन. तिचं एक्सएफआय नावाचं मॉडेल खास अ‍ॅव्हरेजसाठी होतं. वेगळा कॅमशाफ्ट, पिस्टनवर तीनऐवजी दोनच रिंगा, गिअरचं गुणोत्तर लांब. ताकद ५५ वरून ४९ हॉर्सपॉवरवर आली. २००८ मध्ये तिथे पेट्रोल गॅलनला ४ डॉलर झालं तेव्हा या भंगारात निघालेल्या गाड्यांना पुन्हा भाव आला, आणि हौशी मंडळी एक्सएफआयचे कॅमशाफ्ट आणि गिअर शोधून साध्या मेट्रोत बसवू लागली. अजून एका हौशीने १९९२ ची होंडा सिव्हिक घेऊन तिला मागे लांब निमुळती शेपटी लावली, चाकं झाकली. त्या ‘एरोसिव्हिक’ने ताशी १०५ किलोमीटरला लिटरमागे सुमारे ४० किलोमीटर दिले.

दोन्ही खऱ्या गोष्टी, पण सपाट अमेरिकन हायवेवरच्या. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ६० वरून ९० वर गेलात की सव्वादोन पट. तिथे शेपटी कामाची. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये २० च्या वेगाला तिचा उपयोग शून्य, आणि लांब गिअर घेऊन चार माणसांसह ताम्हिणी चढायची तर प्रत्येक वळणावर पहिला टाकावा लागेल.

शिवाय आपला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची मूळ वैशिष्ट्यं बदलतील असे फेरफार चालत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघातानंतर इन्शुरन्सवाले हेच आधी बघतात.

म्हणून माझे पैसे कंटाळवाण्या गोष्टींवर जातील. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं ऑइल. फेरी मारून आल्यावर चारही रिमजवळ हात नेऊन बघा, एकच जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतोय. कार्बोरेटरवाली जुनी ८०० असेल तर एअर फिल्टर नक्की बदला, तिथे २ ते ६ टक्के फरक पडतो. इंजेक्शनच्या गाडीत फिल्टरने पिकअप सुधारतं, अ‍ॅव्हरेज फारसं नाही. कार्बोरेटरला ऑक्सिजन सेन्सर नसतो, त्यामुळे ई२० वर मिश्रण पातळ होतं आणि गाडी झटके देते. जेट आणि सेटिंग जाणत्या माणसाकडून करून घ्यावं लागतं, आणि असे मेकॅनिक आता शोधावे लागतात. जुन्या गाडीतल्या काही रबरी नळ्या आणि गॅस्केट २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलाव्या लागू शकतात, हे मंत्रालयानेच सांगितलंय.

मोजायचं कसं? एकच पंप, ऑटो कटपर्यंत टाकी फुल्ल, ओडोमीटरचा फोटो. पुन्हा फुल्ल करताना भरलेल्या लिटरने भागा. तीन टाक्यांची सरासरी घ्या, एका टाकीवर विश्वास ठेवू नका. फ्युएलिओसारखं अ‍ॅप हिशेब ठेवतं.

सीएनजीचं काय?

कायद्याने चालणारा आणि खिशाला खरंच जाणवणारा मोठा बदल हा एकच. पण गणित करा. समजा सीएनजी ९२ रुपये किलो आणि गाडी किलोला २३ किलोमीटर देते. किलोमीटरला ४ रुपये झाले. पेट्रोलवर १७ च्या अ‍ॅव्हरेजला सहा रुपयांच्या थोडं वर. महिन्याला ८०० किलोमीटरला सतराशेच्या आसपास वाचतात. मान्यताप्राप्त किट, आरसीवर नोंद, इन्शुरन्समध्ये बदल मिळून समजा ५० हजार लागले, तर अडीच वर्षांनी वसूल. डिकी जाते, चढावर दम कमी पडतो आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट लागते. महिन्याला दोन हजार किलोमीटर चालवणाऱ्याला वर्षभरात पैसे सुटतात. शनिवार-रविवारपुरती गाडी काढणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

आणि गाडी पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर असेल तर क्रम चुकवू नका. आधी पुनर्नोंदणी. केंद्राचं शुल्क ५,००० रुपये, वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००, वर राज्याचा पर्यावरण कर. पत्रा आणि चेसिस तपासणीत पास झाले, नवं आरसी हातात आलं, की मगच किटवाल्याकडे जा.