निळा ड्रम आणि बुलढाण्याची ताराबाई

आमच्या डोणगावात निळा ड्रम नसलेले घर शोधूनच काढावे लागेल. मेहकर तालुक्याच्या या भागात उन्हाळा तापू लागला आणि नळाचे पाणी लांबू लागले, की अंगणात, न्हाणीपाशी, जिन्याखाली हा ड्रम येऊन बसतो. तो भरण्याचे काम बाईचे, त्यातले पाणी पुरवून वापरण्याचे काम बाईचे आणि तो रिकामा राहिला तर बोलणी खाण्याचे कामही बाईचेच. असा हा निरुपद्रवी ड्रम २०२५ च्या उन्हाळ्यात एकाएकी विनोदाचा विषय झाला. चहाच्या टपरीवर एका गृहस्थांनी आपला मोबाईल आमच्यापुढे धरला. पडद्यावर बायको ड्रमाकडे बोट दाखवीत होती आणि नवरा हात जोडून गयावया करीत होता. भोवतीची मंडळी खदखदून हसली. ‘बायकायचा काही भरोसा नाही बाप्पा,’ असा एका वयोवृद्धांनी निर्वाळा दिला. मागे कपबश्या विसळणाऱ्या बाईने मान वर केली नाही.

या विनोदाचे मूळ सर्वांस ठाऊक आहे. मार्च २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील मेरठ येथे एका तरुणाचा खून झाला. त्याचे प्रेत ड्रमात घालून वर सिमेंट ओतलेले आढळले आणि पत्नी व तिचा मित्र यांना अटक झाली. गुन्हा भयंकर होता, आणि तो ज्याने केला असेल त्याची गय करा असे कोणी म्हणणार नाही. पण वृत्तवाहिन्यांनी त्या एका प्रकरणावर आठवडेच्या आठवडे काढले, मोबाईलवर गाणी आणि नकला फिरल्या, आणि ड्रमांची विक्री घटल्याच्या बातम्याही चवीने वाचल्या गेल्या. आरोप एका स्त्रीवर होता. आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र सारी स्त्रीजात उभी करण्यात आली.

वाचकहो, हा प्रकार नवा नाही, आणि त्याला मिळालेले सर्वांत सणसणीत उत्तर आमच्याच जिल्ह्यातून गेलेले आहे. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात तिची फाशी टळली. पण ‘पुणे वैभव’सारख्या पत्रांनी त्या निमित्ताने एकूण स्त्रियांच्या चारित्र्याचाच निकाल लावून टाकला. विधवेला पुनर्विवाहाची वाट बंद करणारा समाज आणि त्या मुलाचा बाप यांच्यावर मात्र खटला भरला गेला नाही. हे वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतील कारकून आणि सत्यशोधक बापूजी हरी शिंदे यांची ही कन्या. तिने १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून पुण्यात छापविले.

ताराबाईंचा सवाल साधा होता. कपट, साहस, व्यभिचार, अविचार असे जे दुर्गुण स्त्रीच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय? असतील, तर एका स्त्रीच्या अपराधाने सर्व स्त्रिया वाईट ठराव्यात आणि शंभर पुरुषांच्या अपराधाने एकही पुरुष वाईट ठरू नये, हा कुठला न्याय? आणि त्या केवळ वर्तमानपत्रावर थांबल्या नाहीत. लोक ज्या गोष्टी, नाटके आणि कादंबऱ्या आवडीने वाचत आणि पाहत होते, त्यांतल्या नायिकांचीही त्यांनी झडती घेतली. बाईविषयीचे पूर्वग्रह करमणुकीतून घरोघर पोचतात, हे त्यांनी आकाशवाणी, सिनेमा यांपैकी काहीही नसताना ओळखले होते. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची पाठराखण केली. पुढे ते पुस्तक जवळजवळ विसरले गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणले.

तोच सवाल आज विचारून पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात सहा हजारांहून अधिक हुंडाबळींची नोंद झाली. म्हणजे दररोज सरासरी सतरा-अठरा. यातल्या किती घरांतील दोरीवर, विहिरीवर, रॉकेलच्या डब्यावर विनोद रचले गेले? ‘पुरुषांचा काही भरोसा नाही’ असे कोणत्या टपरीवर कोण म्हणाले? मारलेली सून ही रोजची बातमी म्हणून आतल्या पानावर जाते आणि मारणारी सून ही करमणूक म्हणून साऱ्या देशात फिरते. यात पत्रकारिता कोणती आणि बाजार कोणता?

बाजाराला बाईची दोनच रूपे ठाऊक आहेत. एक कारस्थानी, दुसरे सोशीक. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ला बाया ट्रकमधून, ट्रॅक्टरमधून गेल्या आणि पदर भिजवून परतल्या. त्या अश्रूंना आम्ही हसणार नाही. ते त्यांच्या स्वतःच्या दुःखाचे होते. पण ज्या छळावर त्या रडल्या, तो सोसण्यातच बाईचा मोठेपणा आहे, ही शिकवणही त्या घरी घेऊन आल्या. दूरचित्रवाणीच्या मालिकांनी पुढे तीच शिकवण रोज रात्री जेवणाच्या वेळी वाढली.

राजकारणानेही हाच धडा गिरवला. जून २०२४ मध्ये राज्य सरकारने ‘माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. सोयाबीन सोंगून पोट भरणाऱ्या बाईला महिना दीड हजार रुपये म्हणजे काय, हे आम्ही जाणतो. त्या पैशाची टिंगल करण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या कोणालाही नाही. आमची हरकत नावाला आहे. नागरिकाला हक्क मिळतो, बहिणीला ओवाळणी मिळते. आणि ओवाळणीचा हिशेब विचारायचा नसतो. त्याच निवडणुकीत २८८ आमदारांत स्त्रिया निवडून आल्या अवघ्या २१. बहीण लाडकी खरी, पण सभागृहात तिला पाट मांडायला भावांची तयारी नाही. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी या योजनेचे हप्ते चौदा हजारांहून अधिक पुरुषांच्या नावे गेल्याचे बाहेर आले. तेव्हा ‘पुरुषजात कपटी’ असा अग्रलेख आमच्या तरी वाचनात आला नाही.

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी लोटणारा जनसागर ही आमच्या जिल्ह्याची शान आहे. पण जननीपुढे माथा टेकणे सोपे असते. ती आता प्रश्न विचारीत नाही. याच जिल्ह्यातली ताराबाई मात्र आजही प्रश्न विचारते, म्हणूनच बहुधा तिच्यासाठी गर्दी होत नाही.

आम्हा नियतकालिकवाल्यांनीही हात झटकू नयेत. मार्चमध्ये एक महिला विशेषांक काढायचा आणि उरलेले वर्ष बाईला पाककृतीच्या पानावर बसवायचे, हा रिवाज आमचाच. तेव्हा आरंभ घरापासून व्हावा. गावच्या वाचनालयात ‘स्त्री-पुरुष तुलना’ ठेवावी आणि ती मुलांनीही वाचावी. २०११ पासून राज्यातील ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. तेथे सरपंचबाईंच्या खुर्चीवर नवरा बसला असेल, तर ग्रामसभेत त्यास उठविण्याचे धैर्य दाखवावे. आणि पुन्हा कोणी तो ड्रमाचा विनोद पुढे धरला, तर एवढेच विचारावे: तुमच्या घरचा ड्रम रोज कोण भरते?