खेळ मोडायचा कुणी?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. भिशीचे दोन हजार पाठवायला म्हणून फोन हातात घेतला, तर खात्यात तेवढे पैसेच नाहीत! ब्लाउज शिवून जमवलेले पैसे माझे. त्यांचा हिशोब तोंडपाठ असतो. बँकेचे मेसेज उघडून बघितले. २९ रुपये, ८९ रुपये, १५९ रुपये, एकदा तर ३९९. महिनाभरात अकरा वेळा असे पैसे गेलेले. ते मी भरले नव्हते. भरले होते आमच्या नववीतल्या चिरंजीवांनी, माझ्याच फोनवरून आणि माझाच पिन टाकून. मोबाईलवरच्या लढाईच्या एका गेमसाठी.

मग घरात जे व्हायचं तेच झालं. आमचे हे म्हणाले, ''फोडून टाक तो मोबाईल.'' सासूबाई म्हणाल्या, ''तूच लाडावून ठेवलायस.'' आणि मी? त्या दिवशी भिशीला 'उद्या देते' असं सांगताना मला जी लाज वाटली, ती सगळी मी लेकावर काढली.

रात्री तो उशाशी येऊन बसला. म्हणाला, ''आई, सगळ्यांकडे भारी कपडे आहेत गं. माझा खेळाडू साधाच. सगळे मला फुकट्या म्हणतात.''

कपडे म्हणजे गेममधल्या बाहुल्याचे कपडे बरं का! त्यांनी बाहुला जास्त पळत नाही की त्याचा नेम सुधारत नाही. नुसतं दिसायला छान. आधी मला हसू आलं, मग हसू विरलं. भावकीतल्या प्रत्येक लग्नात तीच तीच पैठणी नेसायला लागली की कसं वाटतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गेम बनवणाऱ्यांनी चौदा वर्षांच्या पोराची नेमकी तीच दुखरी नस धरली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, ''दाखव बघू मला, काय असतं त्यात.'' मैत्रिणींनो, आपण मुलांच्या गेमवर दिवसभर बोलतो, पण तो शेजारी बसून पाहतो किती जणी? मीही कधी पाहिला नव्हता.

तासभर बसले आणि दोन गोष्टी दिसल्या. एक चांगली, एक वाईट. दोन्ही खऱ्या.

चांगली आधी सांगते. गणिताचं एक उदाहरण चुकलं की वही भिरकावणारा माझा मुलगा त्या तासात नऊ वेळा हरला आणि दहाव्यांदा न कुरकुरता उठला. कुठे चुकलं ते मित्राला सांगत होता, नकाशा बघून वाट बदलत होता, मागे राहिलेल्या गड्यासाठी थांबत होता. मग मला खेळायला दिलं. मी अर्ध्या मिनिटात मेले! तर म्हणतो कसा, ''घाबरू नको गं आई, पहिल्यांदा सगळेच मरतात. परत खेळ.'' गणित शिकवताना मी त्याच्याशी इतक्या शांतपणे बोलले असेन, असं मला काही आठवेना. हरण्याची लाज वाटू न देता पुन्हा उभं करणं, हे या खेळांचं मोठं बळ आहे.

अभ्यासकांनीही यावर काम केलं आहे. अमेरिकेत २००७ साली ३३ सर्जनचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वी आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्या सर्जननी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्या आणि काम २७ टक्के लवकर संपवलं. अर्थात, म्हणून कुणी मुलाला गेम देऊन 'डॉक्टर होईल हो' म्हणत बसू नये! माणसं होती अवघी ३३. शिवाय गेममुळे हात बसला, की मुळात हात चांगला असलेलेच गेमकडे वळले, हे त्यातून कळत नाही. पण 'गेम म्हणजे निव्वळ डोकं सडवणं' हेही खरं नाही, एवढं नक्की.

आता वाईट गोष्ट. लढाई संपली रे संपली की पडद्यावर दुकान उघडायचं. 'ही ऑफर फक्त दोन तास.' 'आज आलास म्हणून बक्षीस, उद्या आला नाहीस तर साखळी तुटेल.' एक चक्र फिरवायचं, त्यात काय निघेल ते नशिबावर. हे सगळं कशानं घ्यायचं? रुपयांनी नाही, हिऱ्यांनी! आधी रुपये देऊन हिरे घ्यायचे, मग हिरे देऊन कपडे. रुपया रुपयासारखा दिसेनासा झाला की तो खर्च होताना दुखत नाही. पोराला वाटलं, आपण हिरे खर्चतोय. खर्च होत होती माझी भिशी.

ही नशिबाची चक्रं आणि बंद पेट्या म्हणजे जुगारच, असं बेल्जियमनं २०१८ साली ठरवलं आणि पैसे घेऊन त्या विकायला मनाई केली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं कायदा केला, तो पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा. चांगलंच झालं, त्यात कित्येक घरं बसली होती. पण हिरे विकत घेऊन बाहुल्याला सजवणं त्या व्याख्येत बसत नाही. ते दुकान चालूच आहे.

आमच्या लहानपणी, १९९३-९४च्या सुमारास, मामानं माझ्या भावाला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. कॅसेट अडकली की तोंडानं फुंकर मारायची, आठवतंय ना? मारिओ उड्या मारत जायचा. तीन जीव संपले की 'गेम ओव्हर'. पुन्हा पहिल्यापासून. कंपनीला जे पैसे मिळायचे ते एकदाच मिळायचे, मग आम्ही खेळलो काय आणि नाही खेळलो काय, तिला काही फरक नव्हता. त्याआधीचे आमचे सागरगोटे, बिट्ट्या, लगोरी तर दिवेलागण झाली की आपोआप मोडायचे. अंधारात दिसायचंच नाही! खेळाला शेवट होता. आताचे फुकटातले बरेचसे गेम शेवट होऊ नये असेच बांधलेले असतात, कारण जितका वेळ पोरगं आत, तितका वेळ दुकान उघडं.

भावाला गेम मिळाला म्हटलं, तशी एक जुनी सल आहे. दुसरं रिमोट माझ्या हातात यायचं ते भावाचे मित्र घरी गेल्यावर. आणि १९८५च्या त्या मारिओतही बाई होती ती राजकन्या, तीसुद्धा पळवून नेलेली, सोडवायला मारिओनं जायचं! पुढे किती तरी गेममध्ये बाईचं काम एवढंच, नाहीतर तोकड्या कपड्यांत उभं राहायचं. म्हणून २०२० साली पुण्यातल्या एका चमूनं 'राजी' नावाचा गेम काढला, त्याचं मला फार कौतुक. त्यात राजी नावाची मुलगी आपल्या धाकट्या भावाला सोडवायला निघते. देवळं, राजवाडे, देवीदेवता सगळं आपल्या मातीतलं. पैसे एकदाच द्यायचे, गोष्ट सुरू होते आणि संपतेही. माझ्या पाचवीतल्या मुलीनं भाचीच्या कॉम्प्युटरवर तो पाहिला आणि विचारलं, ''आई, मुलगी पण हिरो असते?'' आता बोला!

बंदी घालून प्रश्न सुटतो का? सप्टेंबर २०२०मध्ये पब्जीवर बंदी आली, तेव्हा आयांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पोरं दुसऱ्या गेमवर गेली आणि जुलै २०२१मध्ये पब्जीचाच भारतीय अवतार हजर झाला.

शिवाय एक कबुली द्यायची आहे. हे सगळं मी लेकाला सुनावत होते, तेव्हा धाकटी पटकन म्हणाली, ''आई, तुझे जीव भरले का?'' माझ्या फोनवर फळं जुळवायचा एक गेम आहे. पाच जीव संपले की अर्ध्या तासानं एक मिळतो. रात्री भांडी आवरली, अंथरुणं घातली की मी तो उघडते. अख्ख्या दिवसातला तोच एक वेळ माझा, त्यात मला कुणी 'मीठ कमी पडलं' म्हणत नाही. पण 'एकच डाव' म्हणता म्हणता बारा वाजतात, हेही तितकंच खरं. सकाळी डबे उशिरा होतात. जीव भरायची वाट बघणारी मी आणि साखळी तुटेल म्हणून धडपडणारा तो, फरक काय आमच्यात?

मग व्यसन झालं हे ओळखायचं कसं? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली. पण नुसते तास मोजून नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो, आणि नुकसान दिसत असूनही सुटत नाही, अशी तीन लक्षणं त्यांनी सांगितली आहेत. तीही साधारण वर्षभर टिकलेली आणि अभ्यास, घर, माणसं यांची घडी विस्कटून टाकणारी. मूल जेवत नाही, झोपत नाही, फोन काढून घेतला तर अंगावर येतं, असं असेल तर ओरडून उपयोग नाही. डॉक्टरांना दाखवावं. सरकारच्या टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवरही मोफत बोलता येतं. त्यात लाज कसली?

आमच्या घरी तेवढी वेळ आली नव्हती. आम्ही काही गोष्टी ठरवल्या. मी पिन बदलला आणि प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून घेतलं. हे आधीच करायला हवं होतं, ती चूक माझी. दुसरं म्हणजे 'अर्धा तास' हा शब्द बंद केला. अर्धा तास डावाच्या मध्येच संपतो, गडी अर्ध्यात सोडावे लागतात आणि भांडण पेटतं. आता तीन डाव. तिसरा संपला की फोन फडताळात. लेक महिनाभर रोज संध्याकाळी माझे ब्लाउज गिऱ्हाइकांना पोचवत होता, त्यातून पैसे फिटले. सगळं गोड झालंय असं नाही. परवाच चौथ्या डावावरून खडाजंगी झाली.

पण तेव्हा तोच म्हणाला, ''मग तुझेही तीनच डाव.'' काय बोलणार? कबूल केलं. आता रात्री माझाही फोन तिसऱ्या डावानंतर त्याच फडताळात जातो. काल दोन डावांतच जीव संपले, तर पोरगा हसून म्हणाला, ''घाबरू नको गं, उद्या परत खेळ.''

सागरगोटे मोडायला दिवेलागण यायची. या खेळांना दिवेलागण नाही. ती आपल्यालाच करावी लागणार, आधी स्वतःच्या फोनवर आणि मग मुलांच्या. तुमच्या घरी खेळ कोण मोडतं?