वाट कुणाची?

‘सार्वजनिक जमीन सर्वांची; मग रानवाटा आमच्या गाड्यांना बंद का?’ असा मोटारशौकिनांच्या संघटनांचा सवाल असतो. अमेरिकेतील ‘ब्लू रिबन कोअलिशन’ तर १९८७ पासून त्यासाठी झगडत आहे. आम्हांला हा युक्तिवाद मान्य नाही. चांदीपजवळचे तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य झाले. रानात वनोपज वेचणाऱ्या आदिवासी भगिनीला आपला हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पुराव्यानिशी सिद्ध करावा लागतो. तिच्यासाठी पुरावा आणि जीपसाठी निव्वळ हौस पुरेशी? चाकांनी उकरलेली माती पावसात वाहून जाते, झरे गढूळ होतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’मध्ये पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. घर सर्वांचे म्हणून त्यात कुणी गाडी घालतो काय?