भांड्यावर कलावंताचे नाव कशाला?

कलेविषयी लिहिणाऱ्या व बोलणाऱ्या मंडळींत एक समजूत चांगलीच रुजलेली आहे. कलाकृती म्हटली की ती एकुलती एक हवी, तिच्यावर कर्त्याची सही हवी आणि शक्य तर तिची जागा काचेच्या कपाटात हवी. जी वस्तू कारखान्यातून हजारोंनी निघते आणि रोज खरकटी होऊन रोज घासली जाते, ती फार तर उपयुक्त म्हणावी, कला म्हणू नये. ही समजूत मुळातच चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते सिद्ध करण्यास फिनलंडमधील काई फ्रांक यांच्या कार्याइतका चांगला दाखला आम्हांस दुसरा दिसत नाही.

फ्रांक यांचा जन्म १९११ साली वीपुरी शहरी झाला. हेलसिंकीच्या कलाशाळेत ते शिकले ते मातीकाम नव्हे, तर फर्निचरची रचना. १९४५ साली कुर्त एकहोल्म यांनी त्यांस हेलसिंकीच्याच ‘आराबिया’ या चिनीमातीच्या कारखान्यात आणले. १८७३ साली स्थापन झालेल्या या कारखान्यात १९३२ पासून एक स्वतंत्र कलाविभाग होता. तोइनी मुओना, बिर्गर काइपियाइनेन, रूत ब्रिक यांसारख्या कलावंतांस तेथे मनास येईल ते घडविण्याची मोकळीक असे. त्यांच्या कामाविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु फ्रांक यांच्या वाट्यास आला तो रोजच्या वापरातील भांड्यांचा विभाग, आणि आमच्या मते कलेची खरी कसोटी लागली ती तेथेच.

तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. रशियाशी झालेल्या युद्धांत फिनलंडने कारेलियाचा मोठा भाग गमावला. फ्रांक यांचे जन्मगाव वीपुरी त्यातच गेले. चार लाखांहून अधिक निर्वासितांस उरलेल्या मुलुखात सामावून घ्यावयाचे होते. घरे लहान, कपाटे त्याहून लहान, पैसा बेताचा. अशा घरात सोनेरी काठाचा, डझनांनी मोजावयाचा जेवणाचा संच कोठे ठेवावा? आणि त्यातील दोन बशा फुटल्या की सारा संच विजोड होतो, त्याचे काय करावे?

१९५३ साली बाजारात आलेली ‘किल्ता’ ही भांड्यांची मालिका म्हणजे या प्रश्नांस फ्रांक यांनी दिलेले उत्तर होय. वर्तुळ, चौरस आणि आयत एवढ्याच आकृतींवर तिची सारी घडण उभी होती. ताटांचे रुंद काठ त्यांनी काढून टाकले. त्यामुळे टेबलावर व फळीवर जागा वाचली आणि भांडी एकावर एक नीट बसू लागली. वेलबुट्टी गेली, तिच्या जागी पांढरा, काळा, हिरवा, पिवळा, तपकिरी असे मोजके एकरंगी लेप आले. भांडी सुटी विकली जात, आणि कोणताही नग कोणत्याही रंगाच्या नगाशेजारी शोभत असे. एक फुटला तर दुसरा आणावा. संच मोडण्याचे भयच उरले नाही. तेव्हा पुष्कळ घरांत शीतकपाट नव्हते. थंडीसाठी केलेल्या दुहेरी खिडकीच्या दोन काचांमधील फटीत दूध-साय ठेवण्याची तेथे रीत होती. त्या फटीत बसेल असे अरुंद सायपात्रही या मालिकेत होते.

आता आम्ही विचारतो, ही कला नव्हे तर काय? गृहिणीचे श्रम, घरातील जागा, कुटुंबाची मिळकत आणि हातास जाणवणारा आकार या साऱ्यांचा मेळ एका भांड्यात घालणे हे फुलदाणीवर पक्षी रंगविण्याहून सोपे आहे, असे ज्यास वाटत असेल, त्याने एकदा तो मेळ घालून दाखवावा.

परंतु फ्रांक येथेच थांबले नाहीत. १९५० नंतरच्या दशकात फिनलंडच्या कारागिरीचा जगभर बोलबाला झाला. फ्रांक यांसही १९५५ साली लुनिंग पारितोषिक आणि १९५७ साली इटलीचे ‘कंपासो दोरो’ मिळाले. कारखाने कलावंतांच्या नावावर माल खपवू लागले. तेव्हा, १९६० नंतरच्या दशकात, रोजच्या भांड्यास कर्त्याचे नाव चिकटवू नये, अशी भूमिका फ्रांक यांनी घेतली. आम्हांस ती सर्वस्वी मान्य आहे. नाव पाहून घेतलेले भांडे पुष्कळदा नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातलेच निघते. शिवाय कारखान्यातील भांडे एकट्याचे नसतेच. साचा करणारा, लेप कालविणारा, भट्टी सांभाळणारा असे कितीतरी हात त्यास लागलेले असतात.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, नाव पुसले म्हणजे कारखानदाराचेच फावते. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु कर्त्यास त्याचा मोबदला व इतिहासात त्याची नोंद मिळणे ही एक गोष्ट, आणि त्याच्या नावाचे भांडवल करून ग्राहकास भुलविणे ही दुसरी. पहिलीस आमचा विरोध नाही, दुसरीस आहे. दुसरा आक्षेप असा की, नूतायार्वी येथील काचकारखान्यात फ्रांक यांनी स्वतःच सहीचे शोभेचे चषक केले. केले खरे, पण एकुलत्या चषकावरील सही आणि लाखो कपांवरील नाव यांतील फरक ज्यास उमगत नाही, त्याच्याशी वाद घालणे व्यर्थ होय.

१९७५ साली ‘किल्ता’चे उत्पादन बंद पडले. १९८१ साली तेच आकार अधिक टणक मातीत, ‘तेमा’ या नावाने पुन्हा आले. १९८९ साली फ्रांक निवर्तले. हेलसिंकीचा तो कारखाना २०१६ साली बंद झाला. पण ‘तेमा’ आजही विकली जाते. इकडे १९९२ पासून फ्रांक यांच्याच नावाचे एक पारितोषिक दिले जाते, आणि खिडकीच्या फटीतील ते गरीब सायपात्र आता संग्राहक शोधीत हिंडतात! ज्याने नाव नको म्हटले त्याच्याच नावाची जगाने अशी पूजा मांडावी, यास गौरव म्हणण्यास आमची जीभ वळत नाही.

फ्रांक यांचा खरा मान करावयाचा असेल, तर त्यांचे भांडे कपाटातून काढून चुलीपाशी न्यावे. भांडे पालथे करून तळाचे नाव वाचणारा रसिक नव्हे. रोज वापरून ज्यास त्याचा कंटाळा येत नाही, तोच त्याचा खरा परीक्षक.